भागम्माच्या परसात काऊला बंदी

बोरीत शिवाप्पा वाण्याचं दुकान कुठं आहे असं कुणालाही विचारा, बोट करून दाखवायचा. मीठ, गूळ, सुतळी, हळद सगळं मिळायचं. लढाई सुरू झाल्यापासून घासलेट तेवढं मिळायचं नाही. पण दुकानामागच्या परसात काय चालतं असं विचारलं, तर माणसं हसायची. म्हणायची, "तिथं पाखरांचा मदरसा हाय. भागम्मा मुदर्रिस."

खरा मदरसा गावाच्या वेशीजवळ होता. तिथं मुदर्रिस, म्हणजे सरकारी मास्तर, सगळं उर्दूतून शिकवायचे. मुलगे दोन-चार वर्षं अलिफ-बे गिरवायचे आणि परत औतामागं जायचे. पोरींना कुणी धाडत नसे. दुधाच्या दातांच्या पोरांना तर घरातच कुणी धड विचारत नसे, मदरशात कोण घेणार? ती सगळी चिल्लीपिल्ली भागम्माच्या परसात यायची. तिनं त्यांना बोलावलं नव्हतं. तसं त्या काळात भागम्मानं आपण होऊन काहीच केलं नव्हतं.

तिचा भीमाशंकर गोवरानं गेला तेव्हा चार वर्षांचा होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला मातीत बसवलं, हातात त्याचं इष्टलिंग दिलं, कपाळाला विभूती लावली, वर बेलाची पानं टाकली. जंगम म्हणाले, लेकरू शिवाला मिळालं. यांच्यात सुतक पाळत नाहीत. माणूस शिवात गेलं म्हटल्यावर विटाळ कसला? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शिवाप्पानं दुकानाच्या फळ्या काढल्या आणि भागम्मानं भाकरी थापल्या. मळ्याकडं निघालेल्या बाया दारात थबकल्या, ही रडत कशी नाही म्हणून बघत राहिल्या. भागम्माला त्यांचंही काही वाटलं नाही. पोटात एखादा धोंडा असता तरी तिनं सांगितलं असतं, इथं दुखतंय म्हणून. तिथं धोंडाही नव्हता. भाकरी करायची, खायची, भांडी घासायची, पडून राहायचं. माणसं तिला मनानं घट्ट म्हणायला लागली. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

भीमा सकाळी उठला की मूठभर ज्वारी परसात फेकायचा, चिमण्यांसाठी. तो गेल्यावरही त्या वेळेला भागम्माचा हात कणगीत जायचा. दाणे पडायचे, चिमण्या यायच्या. मागून साळुंक्या यायच्या भांडत भांडत. होले यायचे, ते बापडे कडेकडेनं टिपायचे. ती पायरीवर बसून बघायची. बघायची म्हणजे डोळे तिकडं असायचे एवढंच.

एकदा गडग्यावरून एक पोरगं डोकावलं. मग त्याची बहीण. मग दोघं आत आली, बसली. पोरं बोलायला लागली की पाखरं उडायची, म्हणून भागम्मा एवढंच म्हणाली, "पाखरं खाऊस्तोवर गप बसायचं." आणि काय आश्चर्य, पोरं बसली. घरी एका जागी ढुंगण न टेकणारी कार्टी इथं मांडी घालून, श्वास धरून बसायला लागली. गल्लीतल्या आयांना हे कळलं तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले आणि रोज सकाळी पोरं इकडं लोटून दिली.

पोरं आलीच आहेत तर करायचं काय? भागम्मा सेलूची. तिचा बाप तिथल्या बाजारात दुकान चालवायचा आणि रिकाम्या वेळी पोथी वाचायचा. लेक मांडीवर असायची, तिला अक्षरं आपोआप आली होती. ती ताटात चुलीतली राख पसरायची आणि पोराचं बोट धरून फिरवायची. च चिमणीचा, स साळुंकीचा. चिमण्या किती आल्या, त्यातल्या किती उडाल्या, उरल्या किती? पाखरं एका जागी ठरत नाहीत, त्यामुळे बेरीज-वजाबाकी कधी सरायची नाही.

पण सगळ्यांत आधी एक प्रश्न असायचा. पोर आत आलं की ती विचारायची, "आज तू कोण?" ज्याचं पोट भरलेलं, झोप झालेली, ते म्हणायचं, चिमणी. जे घरून भांडून आलंय ते म्हणायचं, साळुंकी. आणि एखादं काहीच न बोलता कडेला बसायचं, विचारलं तर हळूच म्हणायचं, व्हला. होला झालेल्या पोराला त्या दिवशी कुणी चिडवायचं नाही, दाणे त्यानं टाकायचे, आणि ते भागम्माच्या जवळ बसायचं. भागम्मा काही समजूत घालायची नाही. तिच्याजवळ घालायला काही नव्हतंच. पण पोरं तिला चिकटून बसायची आणि उठताना चिमणी होऊन उठायची. बोरीतले मिशा फुटलेले बाप्येसुद्धा पुढं कित्येक वर्षं बायको रुसली की म्हणायचे, "आज आमच्याकडं व्हला बसलाय."

भागम्माला कुणी विचारलं नाही, आज तू कोण. बरं झालं. तिला सांगता आलं नसतं.

या मदरशात एकाच पाखराला बंदी होती. ओसरीच्या आढ्यात चिमणीचं घरटं होतं. एका सकाळी सगळी पोरं बसलेली असताना कावळा आला आणि घरट्यातलं पिल्लू चोचीत धरून गडग्यावर जाऊन बसला. पोरांनी टाहो फोडला. भागम्मा उठली, टाळ्या वाजवत धावली आणि ओरडली, "हाड!" भीमा गेल्यापासून तिनं आपण होऊन केलेली ही पहिली गोष्ट. पिल्लू काही वाचलं नाही. पण तेव्हापासून कावळा दिसला की सगळ्या वर्गानं उठायचं, टाळ्या वाजवायच्या आणि हाड म्हणायचं, असा कायदाच झाला. पोरांना शंभर गोष्टी शिकवा, त्यातली दंग्याची तेवढी ती न चुकता घरी नेतात. थोड्याच दिवसांत त्या गल्लीत पोरं दिसली की कावळे उतरेनासे झाले.

सगळ्यांत जोरात टाळी वाजायची ती कडूची. किशनराव आणि सुमनबाईची ही पोर. तिच्या आधीची दोन जगली नाहीत, म्हणून पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलून झालेली, आणि दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं कडू. नाव कडू आणि पोर गुळाच्या ढेपेसारखी. किशनरावाचं घर गडग्याला गडगा लावून होतं. संध्याकाळी सुमनबाई अंगणात तिला भरवायची तेव्हा इकडं ऐकू यायचं. हा घास चिऊचा म्हटलं की कडू तोंड उघडायची. हा घास काऊचा म्हटलं की तोंड घट्ट मिटायची.

"काऊला न्हाई. काऊला बंदी हाय."

सुमनबाई गडग्यावरून हसत सांगायची, "आक्का, तुमच्या शिकवण्यानं माझ्या पोरीचा निम्मा भात कमी झाला बगा."

ही सुमनबाई बाळंतपणात गेली. बाळही गेलं. भागम्मा तिला न्हाऊ घालायला मदतीला गेली, पाणी तापवून दिलं, लुगडं दिलं, घरी येऊन अंघोळ केली आणि स्वयंपाकाला लागली. पोर आत तिच्या आजीजवळ, चतुराबाईजवळ, झोपली होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवायला गेले तेव्हा शेजारधर्म म्हणून शिवाप्पाही गेला. कडूला बापानं कडेवर नेलं होतं, ती घरी कुणाजवळ राहीना. शिवाप्पा परत आला, न्हाणीजवळ पाय धुतले आणि तिथंच बसला.

"कावळा शिवला न्हाई," तो म्हणाला.

"का?"

"कडूनं शिवू दिला न्हाई."

मग त्यानं सांगितलं. पिंड ठेवला, सगळे मागं सरले. बाभळीवर कावळे होतेच. एक खाली उतरला आणि कडू बापाच्या हातातून निसटून पळत गेली. टाळ्या वाजवल्या आणि हाड म्हणाली. लोकांनी तिला मागं ओढलं. दुसरा उतरला, तर ती ओरडली, "आईचा भात हाय! कावळ्याचा न्हाई!" कुणीतरी तिला उचलून दूर नेलं. किशनराव हात जोडून बोलत राहिला, पोरीला सांभाळीन म्हणाला, दुसरी बायको करणार न्हाई म्हणाला. कावळे बाभळीवरून हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे परत फिरले.

भागम्मानं ऐकून घेतलं. शेजारच्या लोकांत पिंड ठेवतात, कावळा शिवला म्हणजे मेलेल्याचा जीव निवला असं मानतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं शेजार होता. पण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट माहीत असते आणि ध्यानात नसते. तिच्या घरात कावळा म्हणजे पिल्लं पळवणारं पाखरू, बाकी काही नाही. तिनं पोरांना ते शिकवलं आणि पोर ते शिकली.

दुसऱ्या दिवशी चतुराबाई गडग्याशी आली. म्हातारी फटकळ होती, पण त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही.

"तुमा वाण्यात न्हाई पिंड, न्हाई सुतक. पोटचं पोर गेलं तरी दुसऱ्या दिवशी तुमचं दुकान उघडं. तुमाला काय कळायचं? माझी सून अडकून बसलीय बग. पोरीनंच आईला अडवलं. आन पोरीला तू शिकवलंस."

"व्हय, मीच शिकवलं," भागम्मा म्हणाली. तिला लाज वाटायला हवी होती. ती वाट बघत उभी राहिली, पण लाजही आली नाही.

त्यानंतर कडू परसात आली नाही. चारेक दिवसांनी किशनरावच मागच्या दारानं आला आणि पायरीवर टेकला. चांगला उंचापुरा गडी, पण खांदे पाडून बसला होता.

"आक्का, पोरगी खायना. घास हातात घेती आन मूठ मिटून बसती. आई उपाशी हाय म्हणती. मुठीतला भात घेऊन दिवसभर अंगणात बसायली, कावळ्याची वाट बगत."

"मंग कावळे?"

"त्याचंच तर इपरीत हाय. मी भात ठेवला तर येतात, चटकन खाऊन जातात. पोरगी दिसली की उडून जातात. माय म्हणती, सुमन पोरीवर रुसली. आन पोरगी ते ऐकायलीय."

"रुसली न्हाई," भागम्मा म्हणाली. "कावळ्याला माणूस वळखू येतं. सगळ्यात जोरात टाळी तिचीच वाजायची. माझ्यामुळं भ्यालेत ते."

किशनरावानं घरी जाऊन हे सांगितलं असावं, कारण पलीकडून चतुराबाईचं उत्तर आलं, "तिनं घालवले, तर तिलाच आणाय सांग."

भागम्मा दुसऱ्या सकाळी गेली आणि कडूला हाताला धरून घेऊन आली. पोर हलकी झाली होती. चालताना तिचा हात हातात आहे की नाही तेही कळत नव्हतं. भागम्मानं बाकीच्या पोरांना बसवून सांगितलं, आजपासून टाळी न्हाई, हाड न्हाई, कावळा आला तरी गप बसायचं. मग तिनं गडग्याच्या पार टोकाला भाकरीचे तुकडे ठेवले आणि कडूला शेजारी घेऊन पायरीवर बसली.

शिवाप्पानं दुकानातून हे बघितलं. तो आत आला.

"लोक काय म्हणतील? आपल्यात पिंड न्हाई."

"पिंड न्हाई ठेवायले. पाखरांना दाणे टाकायले."

पाखरांना दाणे म्हटलं की शिवाप्पाला भीमाची सकाळची मूठ दिसायची. तो गल्ल्यावर जाऊन बसला आणि एका गिऱ्हाइकानं गूळ मागितला, तर त्याला मीठ बांधून दिलं.

भिववायला एक टाळी पुरते. भीती मोडायला मात्र बसून राहावं लागतं. कावळे लांब लिंबावर बसून माना वाकड्या करून बघायचे. मग एक धीट निघाला. तो टोकाचा तुकडा उचलून पळाला. तुकडे रोज थोडे अलीकडं सरकायचे. कडू हात मांडीखाली दाबून बसायची, टाळी चुकून वाजू नये म्हणून. मुठीतला भात तेवढा सोडायची नाही. खायची नाहीच, दिवसाकाठी घोटभर दूध, तेही बापानं नाक दाबून पाजलेलं. तिचे डोळे मोठे दिसायला लागले होते. गावात म्हाताऱ्या बोलायला लागल्या की आई लेकीला नेणार. भागम्माला एवढंच कळत होतं की कावळ्यांना वेळ हवा आणि या पोरीजवळ तो नाही.

मध्येच कावळ्यांनी आपलं जुनं काम केलं. आढ्यातलं घरटं त्यांना आठवलं. सगळ्या पोरांदेखत त्यांनी पिल्लं नेली, एकामागून एक. चिमणी घिरट्या घालत ओरडत होती. पोरं भागम्माकडं बघत होती, आता उठेल, आता टाळी वाजवेल. दोघं-तिघं रडायला लागली. भागम्मा बसून राहिली. तिला ते बसून बघता आलं. आपल्याला हे बघता येतंय, याची मात्र तिला त्या वेळी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली नाहीत. एकटी कडू आली. आणि तिच्यामागून, कधी नव्हे ती, हातात ताट घेऊन चतुराबाई आली. ताटात घरून शिजवून आणलेला भात होता. ती भागम्माशी बोलली नाही. पायरीच्या खालच्या अंगाला बसली. तिच्या तोंडावरचा राग उतरला होता. तिथं नुसतं भ्यालेलं म्हातारपण होतं.

भागम्मानं ताटातला एक घास पानावर घेऊन समोर, कडूच्या हातभर अंतरावर ठेवला. धीट कावळा गडग्यावर आला. खाली उतरला. दोन उड्या मारून थांबला आणि मान वाकडी करून कडूकडं बघत राहिला.

चतुराबाईनं हात जोडले. "सुमन, खा ग बाई. पोरीला मी बोलले, वंगाळ बोलले. पुन्यांदा बोलणार न्हाई."

कावळा एक पाऊल मागं सरकला. कडूचा ओठ खाली आला. "माझ्यावर रुसली," ती म्हणाली. परसात परत आल्यापासून ती एवढंच बोलली होती.

भागम्माला काहीतरी म्हणायला हवं होतं. कावळ्याला बोलवायचं तर कसं बोलवायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. यांच्यात मेलेल्याला कुणी जेवायला बोलवत नाही. तिला बोलवणं एकच येत होतं. पूर्वी संध्याकाळी दिवा लागला की परसाच्या दारात उभं राहून ती एकालाच हाक मारायची. तीच तोंडातून निघाली, त्याच आवाजात.

"ये रं भीमा. जेवून घे."

कावळा पुढं आला, घास चोचीत घेतला आणि तिथंच, उडून न जाता, खाल्ला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं म्हणणारे म्हणतील. म्हणोत बापडे.

आत दुकानात शिवाप्पाचा तराजू वाजायचा थांबला होता.

"भीमा कोण?" कडूनं विचारलं.

"माझं लेकरू."

"त्याला बी भूक लागली व्हती?"

"लागली असंल," भागम्मा म्हणाली. "मी कधी इचारलंच न्हाई."

कडूनं जरा विचार केला. मग मूठ उघडली. मुठीतला भात कधीचा होता कोण जाणे, घामानं त्याचा गोळा झाला होता. तिनं तो पानावर ठेवला, हात मांडीखाली घातले आणि म्हणाली, "आता आईचं." कावळ्यानं तोही घेतला आणि गडग्यावर जाऊन खाल्ला. चतुराबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

कडूनं ताट ओढून घेतलं. एक घास तोंडात घातला, चावला, गिळला. दुसरा घातला. तिसरा तिनं भागम्माच्या तोंडापुढं धरला. चतुराबाई घाईनं म्हणाली, "आगं, त्या आपल्या हातचं खात न्हाईत." हे खरं होतं, वाण्यांच्यात तशीच रीत. बोरीत आल्यापासून भागम्मानं दुसऱ्याच्या चुलीवरचं शीत तोंडात घातलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं आणि घास घेतला.

ती चावत राहिली, आणि चावता चावता थांबली.

"अळणी हाय," ती म्हणाली.

"ह्या भातात मीठ घालत नसतात, बाई," चतुराबाई म्हणाली.

भागम्मानं मान हलवली. भीमा गेल्यापासून ती रोज दोन वेळा जेवली होती, आणि काय खाल्लं ते एकदाही तिला सांगता आलं नसतं. आता मीठ नाही हे तिला कळलं होतं. तिनं पुन्हा एकदा अळणी हाय म्हणायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. कडूनं तिच्याकडं बघितलं, जवळ सरकून बसली आणि पुढचा घास कालवायला लागली.